एकदा गुडघा धुतला, मग परत थिएटरमध्ये कशाला?

पत्र एका लेकीचं आहे, नाव छापू नका म्हणालीये. रात्री वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर बसून मोबाईलवर टाईप केलेलं दिसतंय, मोठं आहे, म्हणून थोडक्यात सांगते. वडील ६४ वर्षांचे, डायबेटिस जुना. उजव्या टाचेला भेग पडून जखम झालेली, तिच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. मग एका रात्रीत उजवा गुडघा टम्म फुगला, थंडी वाजून ताप, पाय जरा हलला तरी ओरडायचे. दोन दिवस पेनकिलरवर काढले, तिसऱ्या दिवशी ॲडमिट. सुईने पाणी काढलं तर गढूळ पिवळं, पांढऱ्या पेशी ९२,०००. त्याच संध्याकाळी दुर्बिणीने गुडघा धुतला. कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, स्टॅफ ऑरियस नावाचा जंतू आला, साधा, म्हणजे औषधांना दाद देणारा. दोन दिवस बरे होते. आता चौथ्या दिवशी पुन्हा ताप, सीआरपी (रक्तातला सूज-इन्फेक्शनचा आकडा) २४० वरून १३० ला उतरला होता तो परत १६५, आणि डॉक्टर म्हणतायत उद्या सकाळी परत धुवावा लागेल, गरज पडली तर यावेळी उघडून.

पुढचं तिच्याच शब्दांत: "दादा म्हणतो पहिलं ऑपरेशन फसलंय म्हणून दुसरं, सही करू नकोस, दुसरीकडे नेऊ. आत्याच्या बदललेल्या गुडघ्यात इन्फेक्शन झालं होतं तेव्हा सगळा सांधा काढला होता, ती रडून सांगते की हात लावू देऊ नका, भारीतलं अँटिबायोटिक द्या म्हणावं. वहिनीला भीती की पोराला आजोबांजवळ पाठवलं तर त्याला होईल. आणि एवढ्यात फिजिओवाले येऊन पाय वाकवा म्हणतात. मी काय करू?" खाली ताजा कलम: गुडघ्याखाली उशी ठेवली की बाबांना बरं वाटतं, ठेवू ना?

ताई, हे उत्तर तुम्हाला त्याच रात्री मेलवर पाठवलं होतं, इथे बाकीच्यांसाठी छापतेय. पहिली ओळ तीच ठेवते: सही करा. मी बाबांना तपासलेलं नाही, पण तुम्ही दिलेले आकडे बघून त्या डॉक्टरांच्या जागी मी असते तर मीही उद्या सकाळचंच थिएटर मागितलं असतं, जमलं तर आज रात्रीचं.

आता दादाचं म्हणणं. दुसऱ्यांदा धुवावं लागतंय म्हणजे पहिल्यांदा चुकलं, हे ऐकायला एकदम लॉजिकल वाटतं आणि बहुतेक घरांत हेच वाटतं, पण सेप्टिक, म्हणजे पू झालेल्या, गुडघ्याचं गणित तसं नाही. अपेंडिक्स एकदा काढलं की विषय संपला, तसं हे ऑपरेशन नाहीच. इथे आपण काही कापून फेकत नाही, आतला पू आणि जंतूंची संख्या कमी करतो, इतकी कमी की उरलेल्यांना औषध आणि शरीर मिळून आवरू शकेल. कधी हे एका धुण्यात होतं, कधी दोन लागतात, कधी तीन. डायबेटिस असला, जंतू स्टॅफ असला आणि गुडघा फुगल्यावर सुरुवातीचे दिवस वाया गेले असले की दुसऱ्या वेळेची शक्यता वाढते, आणि बाबांच्या बाबतीत तिन्ही आहेत. खरंतर हे तुम्हाला पहिल्या ऑपरेशनच्या आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं, की एकापेक्षा जास्त वेळा आत जावं लागू शकतं. सांगितलं असेल तर त्या गडबडीत डोक्यात शिरलं नसेल, सांगितलं नसेल तर ती बोलण्यातली चूक झाली. तेवढ्यावरून ऑपरेशन चुकलं असं नाही म्हणता येत.

गुडघ्याच्या आत काय चाललंय ते जरा नीट सांगते, कारण ते डोळ्यासमोर आलं की आत्यालाही तुम्हीच समजावू शकाल. नॉर्मल गुडघ्यात पाणी असतं चमचाभर, फिकट पिवळं, पारदर्शक, आणि दोन बोटांत धरून बोटं लांब केली तर तार सुटते इतकं चिकट. पांढऱ्या पेशी त्यात २०० च्या आत. बाबांच्या पाण्यात ९२,०००. सांध्याच्या आतल्या अस्तराला रक्तपुरवठा भरपूर, पण त्या रक्तवाहिन्या आणि सांध्याची पोकळी यांच्यामध्ये इतर ठिकाणी असतो तसा घट्ट पडदा नसतो, त्यामुळे टाचेच्या भेगेतून रक्तात शिरलेला जंतू तिथे सहज उतरतो. उलट कार्टिलेजला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या त्या गुळगुळीत गादीला, स्वतःचा रक्तपुरवठाच नाही, ती सांध्यातल्या पाण्यावर जगते. आता त्या पाण्याचाच पू झाला तर तिचं काय होणार? जंतूंशी लढायला आलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी फुटतात, त्यातून एन्झाइम बाहेर पडतात आणि ते जंतू कोण, गादी कोण, असा भेदभाव करत नाहीत. ही झीज काही दिवसांतच सुरू होते आणि एकदा गेलेलं कार्टिलेज पुन्हा पहिल्यासारखं येत नाही.

म्हणून आत्याच्या "भारीतलं अँटिबायोटिक द्या" याला माझं उत्तर असं की भारीतलं औषध आधीच चालू आहे, शिरेतून दिलेलं औषध सांध्यात पोचतंही चांगलं, इतकं चांगलं की वेगळं आत इंजेक्शन मारायची गरज पडत नाही. पण औषध जंतू मारतं, पू उचलून बाहेर नेत नाही. जंतू मेले तरी ते एन्झाइम तिथेच आणि गादीचं विरघळणं चालूच. शिवाय पू जुना व्हायला लागला की त्यात फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या चिकट प्रथिनाचे, गोळे जमतात आणि त्या गोळ्यांच्या आत बसलेले जंतू सुस्त असतात, वाढतच नाहीत, आणि आपली बरीचशी औषधं वाढणाऱ्या जंतूंनाच नीट मारतात.

हे गोळे दुर्बिणीतून कसे दिसतात सांगू? मॉनिटरवर पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसतं धुकं. तीन-तीन लिटरच्या सलाईनच्या पिशव्या वर टांगलेल्या असतात, एका भोकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर, बाहेरचं बादलीत. दोन-तीन लिटर गेल्यावर धुकं विरतं आणि मग दिसतं ते अस्तर, लालभडक, आणि त्याला चिकटलेले पांढरे पुंजके, पाण्यात पिंजलेला कापूस सोडल्यासारखे हलणारे. काही पाण्याबरोबर निघतात. काही निघत नाहीत, ते शेव्हरने, म्हणजे टोकाला फिरतं पातं असलेल्या बारीक नळीने, खरवडून ओढून घ्यावे लागतात. सहा लिटर, नऊ लिटर, कधी त्याहून जास्त पाणी जातं, बादलीतलं पाणी गढूळचं गुलाबी आणि गुलाबीचं स्वच्छ होईपर्यंत. आणि गुडघा म्हणजे काही सरळ एक खोली नव्हे. वाटीच्या वर एक मोठा कप्पा, दोन्ही बाजूंना दोन पन्हाळी, आणि मागे, मांडीच्या हाडाच्या गोलाव्यांच्या पलीकडे, आणखी कप्पे. पुढच्या दोन भोकांतून मागचे कप्पे नीट धुता येत नाहीत, त्यासाठी मागच्या बाजूने वेगळं भोक पाडावं लागतं. सगळं चांगलं करूनही मागे राहिलेला पू हे दुसऱ्या धुण्याचं एक नेहमीचं कारण आहे. उद्या सर्जनना हे नक्की विचारा, "मागचा कप्पा बघणार ना?" भांडायच्या सुरात नको. त्यांना कळेल की समोरच्याला विषय माहितीये, आणि खरं सांगायचं तर आम्हाला असा नातेवाईक आवडतो.

उघडून का? ऐंशीच्या दशकात गेख्टर नावाच्या स्विस सर्जननी दुर्बिणीतून जे दिसतं त्याच्या चार पायऱ्या करून ठेवल्यात. पहिलीत पाणी गढूळ आणि अस्तर लाल. दुसरीत पू आणि फायब्रिन. तिसरीत अस्तर जाड होऊन स्पंजसारखं आणि सांध्यात पडदे पडून कप्प्यात कप्पे. चौथीत अस्तर गादीवर चढून तिला खालून पोखरतंय, एक्सरेवर हाडात बदल. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत दुर्बिणीचं काम छान होतं, आत्तापर्यंतच्या अभ्यासांत गुडघ्यासाठी तिचा निकाल उघड्या ऑपरेशनपेक्षा कमी दिसत नाही, उलट पेशंट लवकर हलतो. चौथीला उघडावंच लागतं. बाबांची पहिल्या वेळी कुठली पायरी होती ते ऑपरेशन नोटमध्ये असेल, विचारून घ्या, त्यावरून सगळ्यात जास्त कळेल. "गरज पडली तर उघडून" असं डॉक्टर म्हणाले ते मला आवडलं, म्हणजे आत गेल्यावर बघून ठरवणार, दुर्बिणीवर अडून बसणार नाहीत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करते. प्रत्येक सेप्टिक सांधा थिएटरमध्येच न्यावा यावर सगळ्या डॉक्टरांचं एकमत नाही. संधिवाताचे डॉक्टर म्हणतील रोज सुईने पाणी काढून आणि औषधं देऊनही बरेच सांधे बरे होतात, आणि ते खोटं नाही. पू पातळ असेल, सांधा सुईच्या टप्प्यात असेल, पेशंटला भूल झेपणारी नसेल तर मीही सुईच धरीन. गोनोरिया या गुप्तरोगाच्या जंतूने सुजलेला सांधा तर बहुतेक वेळा औषध आणि सुई एवढ्यावरच बसतो. पण ती वाट पाहणी पहिल्या काही दिवसांची आणि प्रगती दिसत असेल तरची. इथे एकदा धुऊन, बरोबर औषध चालू असताना, चौथ्या दिवशी ताप आणि सीआरपी दोन्ही उलटे फिरलेत. सुईचा विषय संपला.

सीआरपीवरून आठवलं, दादाला हे दाखवा. सीआरपी रक्तातून झपाट्याने उतरतो, त्याला वाढवणारं मूळ कारण थांबलं की साधारण १९ तासांत निम्मा. पण ऑपरेशनमुळे सुद्धा तो वाढतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत, मग उतरायला लागतो. म्हणजे पहिल्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी १६५ आला असता तर मी म्हणाले असते थांबा, उद्या परत करू. आधी १३० ला येऊन मग चौथ्या दिवशी वर गेलाय, याचा दोष पहिल्या ऑपरेशनवर टाकता येत नाही, आत काहीतरी पुन्हा पेटलंय. ईएसआर, म्हणजे रक्तातली सुजेची दुसरी तपासणी, मात्र या घाईत बघू नका, तो आठवडेच्या आठवडे वर राहतो आणि उगाच घाबरवतो.

दुसरीकडे न्यायचं म्हणत असाल तर सेकंड ओपिनियन घ्यायला माझी अजिबात ना नाही, पण ते रिपोर्ट पाठवून फोनवर आज घ्या, पेशंट हलवून नको. नवीन हॉस्पिटल म्हणजे पुन्हा ॲडमिशन, पुन्हा तपासण्या, एक-दीड दिवस जातो, आणि नवीन डॉक्टर सगळं बघून तेच म्हणणार, धुवा. मोठ्या माणसांमध्ये हा आजार साधारण दहातल्या एकाचा जीव घेतो, बहुतेक वेळा सेप्सिस होऊन, म्हणजे इन्फेक्शनचा मारा सगळ्या शरीरावर होऊन. हे वाचून घाबराल म्हणून लिहू की नको असा विचार केला, पण दादाला तो एक-दीड दिवस किती महाग आहे हे कळायला हवं.

डॉक्टरांवर विश्वास ठेवा असं नुसतं सांगून मी तुम्हाला सोडणार नाही. उद्या सही करताना पुढचं विचारून घ्या. एक, रक्ताचं कल्चर केलं होतं का आणि त्यात पण स्टॅफ आला का? रक्तात आला असेल तर तो हृदयाच्या झडपांवर जाऊन बसू शकतो, त्यासाठी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागेल आणि रक्ताचं कल्चर स्वच्छ येईपर्यंत परत परत करावं लागेल. बाबांना नवीन पाठदुखी किंवा दुसरा कुठला सांधा दुखायला लागलाय का हे तुम्ही त्यांना विचारा, डॉक्टरांच्या राउंडमध्ये माणूस ते सांगायचं विसरतो. मग औषध. पहिल्या दिवशी जंतू माहीत नसतो म्हणून व्हँकोमायसिन वगैरे मोठं जाळं टाकलेलं असतं, ते बरोबरच, पण आता साधा स्टॅफ आहे हे कळल्यावर त्याच्यासाठी सेफाझोलिनसारखं औषध व्हँकोमायसिनपेक्षा सरस पडतं. "भारी" म्हणजे "बरोबर" असं नाही, आत्याला हे पण सांगा. औषध बदललंय का तेवढं विचारा, ॲलर्जी असेल तर वेगळी गोष्ट. आणि शुगर. शुगर वर असेल तर पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, हॉस्पिटलमध्ये ती १८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, बाबांचा चार्ट बघा, तीनशेच्या घरात फिरत असेल तर सर्जनबरोबर फिजिशियनला पण बोलवायला सांगा. उद्या आत गेल्यावर पू आणि अस्तराचे तुकडे परत कल्चरला पाठवायला सांगा, कधी कधी पहिल्या वेळी एक जंतू सापडतो आणि दुसरा लपलेला असतो. याच्यानंतरही नाही उतरलं तर एमआरआय करून हाडात गेलंय का, मांडीत किंवा पोटरीत पू साठलाय का ते बघतील. तिसऱ्या वेळेनंतरही ताप असेल तर मात्र नुसतं धूत बसण्यात अर्थ नसतो, मग प्रश्नच वेगळा विचारायचा. आणि टाच! सगळे गुडघ्याकडे बघतायत, ज्या दारातून चोर आला ते दार अजून उघडंच. त्या भेगेचं ड्रेसिंग कोण करतंय?

तुमच्या डॉक्टरांचं एक काम मात्र अगदी नीट झालंय, आणि त्याचं महत्त्व मी स्वतः ठेच खाऊन शिकले. शिकत असताना एका रात्री असाच सुजलेला गुडघा आला, पेशंट तापाने फणफणलेला, मी घाबरून आधी अँटिबायोटिक लावलं आणि सुई सकाळी घालू म्हटलं. सकाळी पू आला, कल्चर मात्र कोरं. औषधाने जंतू इतके अर्धमेले केलेले की प्लेटवर उगवलेच नाहीत. नेमका कुठला जंतू हे न कळता त्या माणसाला दोन-दोन औषधं कितीतरी आठवडे द्यावी लागली आणि त्यातल्या एकाने त्याची किडनी दुखावली. बॉसने मला काही बोलून दाखवलं नाही, फक्त रोज राउंडला त्याच्या क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, आकडा मलाच मोठ्याने वाचायला लावला. बाबांच्या वेळी आधी सुई, मग औषध झालं, म्हणून आज आपल्या हातात जंतूचं नाव आहे.

आत्याची भीती मला समजते, तिने भोगलंय. पण तिचा गुडघा आणि भावाचा गुडघा या दोन वेगळ्या गोष्टी. तिच्या आत धातू आणि प्लास्टिक होतं. तशा पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून बसतात, बायोफिल्म म्हणतात त्याला, आणि तो थर जुना झाला की धुऊन जात नाही. पहिल्या काही आठवड्यांत लक्षात आलं तर सांधा ठेवून, आत धुऊन, फक्त प्लास्टिकचा भाग बदलून भागू शकतं. उशीर झाला की बहुतेक वेळा सगळं काढून, मध्ये औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवून, काही आठवड्यांनी नवा सांधा बसवतात, काही सर्जन एकाच बैठकीत दोन्ही करतात. (सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळायची ही आयडिया हॅम्बुर्गच्या बुखहोल्त्स यांची, सत्तरच्या दशकात रुळलेली. सिमेंट घट्ट होताना तापतं आणि जेंटामायसिन ती उष्णता सहन करतं म्हणून ते.) बाबांच्या गुडघ्यात परकं काही नाही, सगळं त्यांचं स्वतःचं, त्यामुळे "सांधा काढून टाकतील" हा विषय उद्याच्या कन्सेंटमध्ये नाहीच. फॉर्म नीट वाचा, हवं तर आत्याला मोठ्याने वाचून दाखवा.

वहिनींना सांगा, पोराला आजोबांकडून हे लागत नाही, हात धुऊन खुशाल जवळ बसू दे. पण विषय निघालाच आहे तर लहान मुलांचं सांगायलाच हवं, कारण तिथे घड्याळ याहून जोरात पळतं. मुलांमध्ये बऱ्याचदा खुबा धरतो. खुब्याच्या पोकळीत पू साठला की आतला दाब वाढतो आणि मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त देणाऱ्या बारीक नळ्या चेपतात, गोळा मरू शकतो, पाय आयुष्यभर आखूड राहू शकतो. म्हणून तिथे आम्ही "उद्या बघू" म्हणतच नाही, आणि खुबा बहुतेक वेळा उघडूनच मोकळा करतो. ओळखायचं कसं? चालणारं पोर अचानक पायावर भार टाकेना, पाय दुमडून बाहेर वळवून पडून राहिलं, ताप. तान्हं असेल तर लंगोट बदलताना एक पाय हलवला की किंचाळतं, आणि तान्ह्यांना ताप येईलच असंही नाही. १९९९ मध्ये बोस्टनच्या कोखर यांनी चार खुणा मांडल्या: ताप ३८.५ सेल्सियसच्या वर, पायावर भार न टाकणं, ईएसआर ४० च्या वर, रक्तातल्या पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. त्यांच्या अभ्यासात चारही असल्या तर ९९ टक्के वेळा पूच निघाला, नंतर दुसरीकडे पडताळलं तेव्हा आकडा तेवढा चढला नाही, तरी हाडाचे डॉक्टर आजही पहिल्यांदा याच चार गोष्टी बोटांवर मोजतात.

फिजिओ क्रूर आहे का? नाही हो. पू भरलेला सांधा अजिबात हलवू नये, प्लास्टरमध्ये ठेवावा, असं पूर्वी मानायचे, आणि मग जंतू गेला तरी पाय काठीसारखा ताठ राहायचा. पहिल्या महायुद्धात विलेम्स नावाच्या बेल्जियन सर्जनने उलटं केलं. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतीच, तर हा गडी पू झालेला गुडघा उघडायचा आणि सैनिकाला लगेच स्वतः पाय वाकवायला, शक्य तर चालायला लावायचा. प्रत्येक हालचालीला पू पिचकारीसारखा बाहेर. बाकीचे डॉक्टर हादरले होते, पण त्याचे गुडघे हलते राहिले. पुढे टोरंटोच्या सॉल्टर यांनी सशांमध्ये प्रयोग करून दाखवलं की सेप्टिक सांधा सतत हळूहळू हलवत ठेवला तर गादी जास्त वाचते. तेव्हा दुसऱ्या ऑपरेशननंतर दुखणं सोसेल इतकं, सर्जनने हो म्हटल्यावर, बाबांना वाकवू द्या. त्याआधी अर्धा तास पेनकिलर दिलं जाईल असं सिस्टरशी बोलून ठेवा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

गुडघा पहिल्यासारखा होईल का हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. पूर्ण पहिल्यासारखा होईलच असं मी म्हणणार नाही. पहिले दोन दिवस पेनकिलरवर गेलेत, थोडी गादी गेली असेल, थोडा ताठपणा राहू शकतो, काही वर्षांनी झिजेचं दुखणं लवकर येऊ शकतं. कितीतरी लोक यातून उठून व्यवस्थित चालतात हेही तितकंच खरं, आणि अगदीच बिघडला तरी इन्फेक्शन पूर्ण निवल्यावर सांधा बदलण्याचा रस्ता पुढे असतो. औषध साधारण चार ते सहा आठवडे चालेल असं धरा. सगळे दिवस शिरेतूनच लागतात असं नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या हजाराहून जास्त पेशंटच्या ट्रायलमध्ये हाडा-सांध्यांच्या इन्फेक्शनला पहिल्या आठवड्यातच गोळ्यांवर आणलेले लोक शिरेतून घेणाऱ्यांपेक्षा मागे पडले नाहीत. फक्त रक्तात स्टॅफ सापडलेले त्यात घेतले नव्हते, म्हणून वरचा रक्ताच्या कल्चरचा प्रश्न परत एकदा. घरी गेल्यावर सीआरपी आठवड्याला एकदा, आणि गोळ्या संपायच्या आधी स्वतःच्या मनाने बंद नाही, बाबा कितीही "मला आता काही होत नाही" म्हणाले तरी.

राहिली उशी. बाबांना ती हवीशी वाटते याचं कारण आहे, गुडघा थोडा वाकलेला असला की आतल्या पोकळीत सगळ्यात जास्त जागा होते, दाब कमी होतो, दुखणं कमी होतं. पण तसाच वाकलेला ठेवला तर काही दिवसांत मागचं सगळं आखडतं आणि मग पाय सरळ होत नाही, आणि सरळ न होणारा गुडघा चालताना न वाकणाऱ्या गुडघ्यापेक्षा जास्त छळतो. तेव्हा उशी गुडघ्याखालून काढा. एक टॉवेल गुंडाळून पोटरीच्या खालच्या टोकाला ठेवा, टाचेच्या जरा वर, टाच हवेत राहील अशी, कारण त्याच टाचेला जखम आहे आणि तिच्यावर भार नकोय. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, बाकी वेळही पाय सरळच, टाच मात्र पलंगाला टेकू न देता. कुरकुरतील, तुमच्यावर चिडतील. चिडू द्या.